खाऱ्या टाकीची वाळू

काचेला चिकटलेली शेवटची गोगलगाय माझ्या डोळ्यांदेखत सुटली आणि खाली वाळूवर उताणी पडली. शर्वरी म्हणाली, "ताई, बंदच करून टाका ही टाकी. मला नाही जमत."

बोलणार काय, कप्पाळ? माझ्या हातात टेस्ट किटच्या नळ्या होत्या आणि प्रत्येक नळी सांगत होती की पाणी उत्तम आहे. अमोनिया नाही, खारटपणा बरोबर, तापमान बरोबर. तरी गोगलगायी मरत होत्या आणि श्रिम्प, म्हणजे टाकी साफ ठेवणाऱ्या छोट्या कोळंब्या, त्या तर आधीच संपल्या होत्या. नारिंगी क्लाउनफिशची जोडी मात्र मजेत हुंदडत होती. कारण सापडलं नाही की मला एका जागी बसवत नाही. मी टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते आणि शर्वरी माझ्याकडे बघून आणखी घाबरत होती.

माझं नाशिकला अ‍ॅक्वेरियमचं दुकान आहे. बरीचशी कामं गोड्या पाण्याची, डेंटिस्टचं वेटिंग, हॉटेलची लॉबी. खाऱ्या पाण्याच्या टाक्या कमी, कारण इथे समुद्र पाकिटातून येतो. आरओच्या पाण्यात मीठ कालवायचं, आठवडे न् आठवडे थांबायचं आणि मग एकेक जीव सोडायचा. उतावळ्या माणसाने या धंद्यात पडू नये. मी पडले.

ही टाकी पिंपळगाव बसवंतची. तात्या द्राक्षाचे मोठे एक्सपोर्टर, खाली पॅकहाउस, वर घर. शर्वरी त्यांची सून, वेंगुर्ल्याची. लग्नानंतर ती पॅकहाउसची कागदपत्रं बघायला लागली. कामात चोख, पण इथे तिला करमत नव्हतं. तोंडाने कधी म्हणाली नाही. तिचे वडील फोनवर समुद्राचे व्हिडिओ पाठवायचे आणि ती ते जेवता जेवता बघत बसायची, एवढंच तात्यांनी टिपलं. मुलाला काही सुचलं नाही. तात्यांनी स्वतः माझं दुकान शोधून काढलं आणि काउंटरवर हात टेकून म्हणाले, "सुनेच्या घरात समुद्र पायजे."

खरं भांडण झालं ते सबस्ट्रेटवरून. सबस्ट्रेट म्हणजे टाकीच्या तळाला जे पसरतो ते. तात्यांच्या अंगणात बांधकामाची नदीची वाळू पडली होती. चाळून घेऊ की, त्यांचं म्हणणं. शर्वरीला वेंगुर्ल्याची वाळू हवी होती. वडील गोणीभर घेऊन येणार होते. मी दोन्हीला नाही म्हटलं. किनाऱ्यावरची वाळू अशी उचलून आणता येत नाही, आणि आणली तरी तिच्यात काय काय मिसळलंय कोण सांगणार. शर्वरीचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण मी ठाम राहिले. खाऱ्या टाकीला अ‍ॅरागोनाइट लागते, प्रवाळ-शिंपल्यांच्या जातीची, चुन्याची वाळू. तिच्यामुळे पाणी आम्ल होत नाही. नुसतं सांगून पटेना म्हणून मी दोन वाट्यांत दोन्ही वाळू घेतल्या आणि वर व्हिनेगर ओतलं. नदीची ढिम्म बसून राहिली. माझी फसफसली.

तात्या वाटीत वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ही चुनखडी. चुनखडीच्या रानात बाग लावली की पानं पिवळी पडत्यात, वाटोळं होतं ओ बागेचं. आन् तुम्ही ती इकत आणायला सांगता?" शर्वरी तेव्हा हसली होती. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

वाळू आली. नव्या कोरड्या वाळूत पिठासारखी धूळ असते, ती धुऊन काढावी लागते, नाहीतर टाकी दूध ओतल्यासारखी दिसते. दुकानात गर्दी होती. तात्या म्हणाले, धुवायचं काम आमच्यावर सोडा. मी सांगितलं, साबण लावू नका, साधं पाणी वापरा. पुढच्या खेपेला गेले तर वाळू लख्ख. टाकी भरली, खडक रचले, थांबायचं तेवढं थांबलो, मग जीव सोडले. आणि मरायला सुरुवात झाली.

मी सगळं उलटंसुलटं करून पाहिलं. पाणी बदललं. हीटर बदलला. श्रिम्पचा व्यापारी बदलला. फोनवर मुंबईच्या तीन जणांचं डोकं खाल्लं. घरी जेवताना मी तोच विषय काढायचे, शेवटी नवऱ्याने हात जोडले. शर्वरी रोज फोटो पाठवायची आणि खाली एकच प्रश्न असायचा, माझं काही चुकलं का? मी जास्त खायला घातलं का? हात नीट धुतले नव्हते का? तिने टाकीत हात घालणंच सोडून दिलं होतं.

तर त्या दिवशी ती टाकी बंद करा म्हणाली, आणि मी "आलेच" म्हणून खाली उतरले. मला मोकळी हवा हवी होती आणि कोणावर तरी खेकसायचं होतं. तात्या शेडमध्ये क्रेट मोजून घेत होते. मी सरळ विचारलं, बागेत औषध कुठलं मारताय? वाऱ्याने आत येत असेल. कीटकनाशकाचा कण गेला तरी श्रिम्प मरतात.

तात्यांना ते लागलं. तोडणी चालू असताना फवारणी करेन का मी, मालात औषधाचा अंश, रेसिड्यू लागला तर अख्खा कंटेनर परत येईल, असं ते तडकून म्हणाले. मग आवाज उतरला. "आमच्याकडून काय कमी पडलं नाय ताई. ती वाळूसुदिक मी गड्यांना हात लावू दिला नाय. मी सोता धुतली, पाणी बदलून बदलून."

"कशात धुतली?"

त्यांनी शेडच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. निम्मा कापलेला प्लॅस्टिकचा मोठा ड्रम होता. मी जाऊन आत वाकले. तळाच्या कडेने निळसर खपली धरली होती. नखाने खरवडली तर सुटून आली.

"यात काय असतं?"

"बोर्डो. पर ते पावसाळ्यात. घासला व्हता ओ चांगला."

नाशिककडच्या बागाईतदाराला बोर्डो सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. मोरचूद आणि चुना कालवून करतात, द्राक्षावर डावणी नावाची बुरशी येते तिच्यासाठी. मोरचूद म्हणजे तांबं. मासा थोडं तांबं सोसतो, म्हणून क्लाउनफिश हुंदडत होते. गोगलगाय आणि श्रिम्प यांना मात्र तेवढंच विष पुरतं. आणि मी भांडून निवडलेली चुन्याची वाळू तांबं धरून ठेवते आणि सावकाश पाण्यात सोडते. तांब्याचं किट रोजच्या टेस्टमध्ये नसतं, ते गाडीच्या डिकीत होतं. मी धावत वर जाऊन टाकीचं पाणी आणलं, थेंब टाकले. रंग चढला.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. कारण सापडलं होतं. मग तात्यांकडे पाहिलं. माणूस मटकन क्रेटवर बसला होता.

"सुनेला सांगू नका," ते म्हणाले. "वाळूच खराब निघाली म्हणा. नवी आणा, काय लागंल ते देतो मी."

माझं डोकं फिरलं. एक तर माझ्या वाळूवर आळ. पण तेवढ्यासाठी नाही. मी म्हटलं, "तात्या, ती वर बसून स्वतःला दोष देतेय. तिला वाटतंय तिच्या हाताने मेले सगळे. टाकी बंद करा म्हणाली ती मला आत्ता."

हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते उठले, नळावर हात धुतले, टोपी नीट केली आणि जिना चढायला लागले. मी मागोमाग गेले. खरं तर मला खाली थांबता आलं असतं, पण माझे पाय कुठले थांबायला.

शर्वरी टाकीकडे पाठ करून बसली होती. तात्यांनी प्रस्तावना केली नाही. "पोरी, मी वाळू बोर्डोच्या ड्रमात धुतली. त्यानं मेले समदे."

ती वळली. "म्हणजे माझ्या हातून नाही मेले?"

"नाय. माझ्या हातून."

ती जी रडायला लागली! तात्यांना वाटलं रागाने रडतेय. ते बिचारे दारात उभे राहून टोपी काढत होते, घालत होते. मला दिसत होतं की तो राग नव्हता, कित्येक दिवसांचं ओझं उतरत होतं. पण सासरे-सुनेच्या मध्ये मी कशाला बोलू? शेवटी तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "एक बरं झालं तात्या. माशांवर डावणी तरी येणार नाही."

तात्या आधी हसले आणि मग त्यांचेही डोळे भरले. वेंगुर्ल्याच्या मुलीला डावणी कळायला लागली होती.

क्लाउनफिश टबात काढले. वाळू, खडक, पाणी सगळं बाहेर. पुन्हा तीच अ‍ॅरागोनाइट मागवली, पुन्हा पहिल्यापासून सगळं. आता त्या काचेवर गोगलगायी चढतात, आणि शर्वरी फोटो पाठवते ते प्रश्न न विचारता.

वाळू मात्र मी तेव्हापासून दुकानातच धुऊन देते. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी ऐकत नाही. प्रेमळ गिऱ्हाइकाचं तर मुळीच नाही.