फौजदाराचं नवं पिस्तूल

आमच्या वीजकेंद्रातल्या त्या हत्यारी रक्षकाला सगळे फौजदार म्हणायचे. पोलिसात तो कधीच नव्हता. मिशा होत्या, कमरेला रिव्हॉल्व्हर होतं आणि हात अंगापासून वीतभर लांब ठेवून चालायची खोड होती. एवढ्या भांडवलावर त्याने बावीस वर्षं रुबाब केला. मी शस्त्रकोठीच्या खिडकीत बसतो. सकाळी हत्यार द्यायचं, संध्याकाळी ते रिकामं आहे हे बघून परत घ्यायचं, वहीत सही करायची. त्यामुळे हा तमाशा मला रोज दोनदा फुकटात बघायला मिळायचा.

यंदा वरून हुकूम आला, जुनी रिव्हॉल्व्हरं जमा करा, नवी पिस्तुलं घ्या. पंधरा दिवस सराव, मग परीक्षा. नापास होईल त्याने हत्यार सोडायचं आणि मुख्य फाटकावर गाड्यांचे नंबर लिहीत बसायचं. फौजदाराचं तोंड उतरलं. घरात बायको, मुलगी, जावई, सगळ्यांपुढचा त्याचा मान त्या कमरेच्या हत्यारावर उभा होता. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

शिकवायला आलेल्या बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. शिकवणी माझ्या खिडकीसमोरच चालायची. जुन्या रिव्हॉल्व्हरला खटकेबिटके नव्हते, चाप ओढला की बार. या नव्याला अंगठ्यापाशी सेफ्टीचा खटका आणि त्याखाली गोळ्यांचं मॅगझिन सोडायचं बटण. पहिल्याच दिवशी फौजदाराने झोकात पिस्तूल उपसलं, रोखलं, चाप ओढला. ढिम्म. पुन्हा ओढला. बाईंनी सांगितलं, आधी खटका खाली करा. त्याने घाईघाईत बटण दाबलं आणि मॅगझिन धाडकन त्याच्याच बुटावर. पिस्तूल खराब आहे, असा निकाल त्याने तिथल्या तिथे दिला. बाईंनी त्याच पिस्तुलाने पाच गोळ्या झाडून दाखवल्या, पाचही निशाणाच्या मधोमध. हा म्हणतो, नशीब असतं एकेकाचं.

मग तो खिशातल्या पेनावर अंगठा घासत हिंडायला लागला. खटका खाली, खटका वर, असं पुटपुटत. डब्यातली भाजी गार व्हायची तरी अंगठा थांबेना. दहा दिवसांनी हात बसला, आणि अकराव्या दिवशी स्वारी इतरांना अक्कल शिकवायला मोकळी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो पहिल्यांदा भरलेलं पिस्तूल घेऊन पहाऱ्यावर गेला. संध्याकाळी खिडकीशी आला. रिव्हॉल्व्हर उघडून सहा गोळ्या तळहातावर पाडल्या की काम संपायचं, तीच सवय हाडात मुरलेली. त्याने मॅगझिन काढून माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाला, "रिकामं." मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहते, वरचा भाग मागे ओढून बघायचं, हे बाईंनी दहादा सांगितलेलं मी खिडकीतून ऐकलं होतं. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मी सही केली.

सकाळी परीक्षेआधी बाईंनी फळीवरून त्याचं पिस्तूल उचललं, वरचा भाग मागे ओढला, आणि एक जिवंत गोळी टुणकन उडून टेबलावर पडली. ती फळी माझ्या खुर्चीच्या मागेच आहे. बाईंनी वही उघडली आणि सही कोणाची ते विचारलं. नियम मला पाठ होता, माहीत असून न बघता सही करणाऱ्याला घरी पाठवतात.

फौजदार पुढे झाला. "त्याला काय विचारता, मॅडम? त्याला पिस्तुलातलं काय कळतंय? बावीस वर्षं नुसता सह्या मारतोय. हत्यार माझ्या हातात होतं. चूक माझी."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला नळी तपासता येत नाही?"

"नाही," मी म्हणालो.

माझी नोकरी वाचली. चार दिवसांचं प्रशिक्षण लागलं, मला येत होतं तेच शिकवायला. फौजदाराची परीक्षा झालीच नाही, तो सोमवारपासून फाटकावर आहे. मी सायकलवरून येतो तेव्हा तो शिट्टी मारून मला थांबवतो आणि गाडीचा नंबर विचारतो. सायकलला नंबर नसतो हे त्याला चांगलं ठाऊक आहे. मी मुकाट्याने खाली उतरतो आणि तो सोडेपर्यंत उभा राहतो.