कापराची कॉइल

एखाद्या बाईने नवऱ्याला सिगरेट सोडायला लावली, तर तिने तिथेच थांबावं. मी थांबले नाही.

आमच्या ह्यांनी, म्हणजे सुधीरने (तोंडावर नावाने हाक मारायला मला अजून जमत नाही, कागदावर जमतं), तीस वर्षं सिगरेट ओढली. पुण्यात ओढली, आणि इंग्लंडात मेडनहेडला आल्यावर भर थंडीत मागच्या दारात, एक पाय घरात आणि एक पाय गार्डनमध्ये ठेवून ओढली. मग एका मंगळवारी ऑफिसच्या जिन्यात छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्यांचे बूट पिशवीत घालून, ती पिशवी मांडीवर घेऊन चार तास बसले होते. घरी आल्यावर मी एकच वाक्य बोलले, "आता एकही नाही."

तीस वर्षांची सवय माझ्या एका वाक्याने सुटेल असं मला वाटलं होतं. ती सुटली वेपने, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सिगरेटने. हातात मावेल एवढी बॅटरी, तिच्यावर काचेची टाकी, टाकीत आंब्याच्या वासाचं लिक्विड (आंबा त्याने जन्मात पाहिलेला नसावा) आणि टाकीच्या पोटात कॉइल. कॉइल म्हणजे बोटाच्या पेराहून लहान धातूची नळी, तिच्यात तारेचं वेटोळं आणि त्यातून ओवलेला कापूस. कापूस लिक्विड शोषतो, तार तापते, वाफ येते. दोन आठवड्यांत कापूस जळतो, मग ती कॉइल फेकायची आणि नवी लावायची. अकरा महिने असे गेले आणि अकरा महिन्यांत एकही सिगरेट नाही.

बाराव्या महिन्यात वेपच्या दुकानदाराने सांगितलं, ह्या टाकीच्या कॉइल्स कंपनीने बंद केल्या. आता नवीन मॉडेल घ्या. आम्ही दोन नवीन मॉडेल्स घेतली. एक ओढताना हे फुगा फुगवत असल्यासारखे दिसायचे. दुसरं खिशात गळलं, आणि एका मीटिंगमध्ये हे संपूर्ण वेळ आंब्याच्या वासात आणि ओल्या पँटमध्ये बसले.

"जुनंच बरं होतं," हे म्हणाले. जुन्या टाकीत शेवटची कॉइल होती. फार तर दहा दिवस.

त्याच शनिवारी सुपरमार्केटमध्ये मी दूध घेऊन वळले, तर हे कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरसमोर उभे. या देशात सिगरेटी बंद कपाटात ठेवतात. हे त्या बंद कपाटाकडे बघत होते. देवळाचं दार उघडायची वाट बघणारी माणसं बघतात तसे.

"काय करताय?"

"काही नाही. लॉटरीचं तिकीट घ्यावं म्हणत होतो."

"तुम्ही आयुष्यात कधी घेतलंय लॉटरीचं तिकीट?"

"म्हणूनच म्हटलं, एकदा घ्यावं."

मी त्यांच्या हातात दुधाचे दोन कॅन दिले आणि त्यांना गाडीपर्यंत पुढे घालून नेलं. गाडीत बसल्यावर मी जाहीर केलं, की कॉइल मी घरी बनवणार.

आता, माझा स्वभाव सांगते. 'मिळत नाही' हे उत्तर मला ऐकवत नाही. अळूची पानं मिळत नाहीत म्हटल्यावर मी इथे बाथरूममध्ये अळू लावलं होतं. (आलं. त्यानंतर तीन महिने आम्ही आंघोळ अळूला विचारून करत होतो.) तेव्हा कॉइल काय चीज. जुनी कॉइल उघडायची, आत नवी तार आणि नवा कापूस भरायचा, की झालं. इंटरनेटवर एका दाढीवाल्या माणसाचा व्हिडिओ होता. तो म्हणत होता, पाच मिनिटांचं काम आहे. त्याच्या एका बोटाची जाडी माझ्या मनगटाएवढी होती. त्याला जमतं, तर दर गणपतीला मेडनहेडच्या मंडळाला हजार वाती वळून देणाऱ्या बाईला का जमू नये?

तार पोस्टाने आली. दहा मीटर. हत्यारं घरचीच होती: भुवयांचा चिमटा, नेलकटर, चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर आणि ह्यांची पक्कड. पक्कडीने जुन्या कॉइलच्या बुडाची पिन ओढली, ती टणकन उडाली आणि ह्यांच्या पोह्यात पडली.

"खाऊ नका!"

"खात नाहीये. शोधतोय."

पहिल्या कॉइलला मी स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर सहा वेढे घेतले. तारेची दोन टोकं असतात. एक आत पिनला टेकलं पाहिजे, दुसरं बाहेर नळीला, आणि मध्ये रबराची चकती. ही दोन टोकं एकमेकांना भेटता कामा नयेत. माझी भेटली. बटण दाबल्याबरोबर वेपच्या इवल्याशा स्क्रीनवर लाल अक्षरं आली.

"काय म्हणतंय?" ह्यांनी विचारलं.

"शॉर्ट आहे म्हणतंय."

"पण तू तर व्हिडिओ दोनदा बघितलास."

मी मान खाली घालून तार सोडवत राहिले. व्हिडिओ मी सहा वेळा बघितला होता.

दुसरी शॉर्ट. तिसरी शॉर्ट. चौथी पेटली! म्हणजे तार तापली, आणि ह्यांनी मोठ्या उत्साहाने झुरका घेतला. मग ते इतके खोकले की शेजारच्या मार्गारेटने भिंतीवर टकटक करून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. चूक माझ्या हातांची होती. मी कापूस समईच्या वातीसारखा पीळ देऊन घट्ट वळला होता. समईला ते शोभतं, पण इथे पीळ दिलेल्या कापसातून लिक्विड चढेना आणि कोरडा कापूस जळला. पाचवी मी सैल भरली. लिक्विड थेट तोंडात आलं. सहावीत मला वाटलं आता जमलं, आणि ती सिंकमध्ये पडली.

सात दिवस झाले होते. शेवटच्या विकतच्या कॉइलला जळका वास यायला लागला होता. हे चिडचिड करत नव्हते, आणि त्यानेच मला धडकी भरली. हे चिडचिड करतात तेव्हा मला कळतं काय चाललंय. गप्प झाले, की मन ठरवत असतं.

"अगं, मी काय म्हणतो. दिवसाला एक. फक्त एक. जेवणानंतर."

"नाही."

"अर्धी?"

"अहो, अर्धा स्टेंट बसवला होता का डॉक्टरांनी?"

सातवी आणि आठवी रीतसर चालल्या, पण चव औषधाच्या दुकानासारखी. मेकअप काढायचा कापूस होता, त्याला कसला तरी वास लावलेला असतो. चांगला, साधा, बिनवासाचा कापूस घरात एकाच ठिकाणी होता. देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, स्टीलच्या डब्यात. पुण्याहून आणलेला, वातींचा. मी मनातल्या मनात देवाची परवानगी घेतली आणि चिमूटभर काढला.

नववी कॉइल झाली, आणि काय झाली! वेढे एकसारखे, टोकं आपापल्या जागी, कापूस ना घट्ट ना सैल. स्क्रीनवर तारेच्या रोधाचा आकडा अगदी विकतच्या कॉइलचा. मला मुलीच्या पदवीदान समारंभात झाला नव्हता इतका अभिमान वाटला. (हे तिला कळू देऊ नका.) पण बुधवार होता आणि हे ऑफिसला गेलेले. संध्याकाळी हे ओढल्यावर पुन्हा खोकले, तर सगळं संपलं. तेव्हा आधी तपासून बघणं भाग होतं, आणि घरात मी एकटी होते.

किचनमध्ये बटण दाबलं तर डोक्यावर स्मोक अलार्म. म्हणून मी गार्डनमध्ये गेले, डोळे मिटले आणि ओढलं. आतपर्यंत घ्यायचं नाही, नुसतं तोंडात घ्यायचं, एवढं मला माहीत होतं. माझ्या तोंडातून जो ढग निघाला, तो बघून मीच दोन पावलं मागे सरकले. मग वास आला. आंबा नव्हे. कापूर. त्या स्टीलच्या डब्यात कापराची पुडीही असते हे मी, जिने ती स्वतः ठेवली, साफ विसरले होते. वर्षभर कापूस त्या कापराच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

ढग विरला, तेव्हा समोर शुभाताई उभ्या होत्या. आमच्या मंडळाच्या अध्यक्षा. बाजूच्या फाटकातून आत आलेल्या, गणपतीच्या वाती न्यायला, मीच बोलावलेल्या.

"अगं, हे काय?"

"ह्यांचं आहे, शुभाताई."

"ते तर ऑफिसात आहेत ना?"

"हो. मी फक्त तपासत होते."

"हं." त्यांनी हवेत वास घेतला. "वास ओळखीचा येतोय."

"कापूर आहे," मी म्हणाले. त्यापेक्षा काहीही बोलले असते तरी चाललं असतं.

"कापूर ओढतेस तू?"

मी सगळं समजावून सांगितलं. तार, पिन, रबर, कंपनी. माझ्या हातात वेप होतं आणि बोलताना मी ते हलवत होते. शुभाताई फार प्रेमाने मान डोलवत होत्या, आजारी माणसासमोर डोलवतात तशी. वाती न घेताच त्या परत गेल्या.

संध्याकाळपर्यंत मला चार फोन आले. एकीने विचारलं झोप लागते का. एकीने माझ्या वयात असं होतं म्हणून सांगितलं आणि हार्मोन्सच्या डॉक्टरचं नाव दिलं. स्लाउच्या एक काकू म्हणाल्या, "सुधीरने सोडली आणि तू धरलीस का गं?" आणि रडायला लागल्या. त्यांची समजूत काढण्यात माझी चाळीस मिनिटं गेली.

हे घरी आले. मी काही न सांगता वेप हातात दिलं. ह्यांनी ओढलं, आणि सरळ उभे राहिले.

"कशी आहे?"

"चांगली आहे. पण ओढली की चपला काढाव्याशा वाटतात."

आमची मुलगी मुग्धा कार्डिफला हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे. तिला मी मोठ्या हौसेने फोन केला.

"आई, आर यू सिरियस? कॅम्फर आत नाही घ्यायची! ती टॉक्सिक असते! बाबाला सांग, लगेच थांबायची."

"थांबायचं," मी म्हणाले.

"आई, ग्रामर नंतर कर. फेकून दे ती कॉइल."

मी नववी कॉइल काढली आणि कचऱ्यात टाकली. विकतची जळकी कॉइल केव्हाच मेली होती, सातवी-आठवी मी आधीच फेकल्या होत्या. म्हणजे आता घरात काहीच नव्हतं. ह्यांनी जाकीट घातलं. "जरा चालून येतो," म्हणाले.

मी "कुठे?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं. जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून घेतला आणि दहावी कॉइल करायला बसले. या वेळी मार्गारेटकडून मागून आणलेला, केमिस्टकडचा साधा, बिनवासाचा कापूस. तार दोनदा तुटली. मला राग आला होता, त्यांचा, त्या कंपनीचा, त्या दाढीवाल्याचा. रागाच्या खाली नुसती भीती होती. मांडीवरची ती बुटांची पिशवी मला पुन्हा नको होती. ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले असणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती.

पाऊण तासाने दार वाजलं. मी वर बघितलं नाही. ह्यांनी एक पिशवी टेबलावर ठेवली. तिच्यात एक मोठं भिंग होतं, स्टँडवालं, टेबलाला अडकवायचं.

"दुकानात गेलो होतो," हे म्हणाले. "रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला, काय हवंय म्हणून त्याने विचारलं. तर मला आठ दिवस वाकलेली तुझी मान दिसायला लागली. मग मी काही न घेता निघालो. हार्डवेअरचं दुकान बंद करत होते, त्यांना थांबवलं."

मी भिंग लावलं. त्यातून सगळं इतकं मोठं दिसलं की माझ्या नऊच्या नऊ चुका मला एकदम दिसल्या. दहावी कॉइल पहिल्या दाबाला चालली. हे पहिला झुरका घेऊन म्हणाले, "आंबा." मी तिथेच टेबलावर डोकं टेकून रडले, आणि हे माझ्या पाठीवर हात फिरवत, मध्ये मध्ये ओढत, उभे राहिले.

त्यानंतर मात्र मला कोणी आवरू शकलं नाही. शनिवारी सकाळी चहा झाला की मी भिंगाखाली. टीव्ही बघताना तार, मुग्धाशी फोनवर बोलताना तार. वेढे किती घेतले की वाफ ऊन येते, किती घेतले की थंड, ह्याची एक वही झाली. हेही मला साथ देत, "आजची कालच्यापेक्षा गोड आहे हं," असं म्हणत. त्यांचं ओढणं हळूहळू कमी होत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी उत्पादनात गुंतले होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी हे नाश्त्याला बसले आणि खाकरले.

"एक सांगायचंय. मी वेप सोडलं. आज तीन आठवडे झाले. तुला आधी सांगितलं नाही, म्हटलं खात्री होऊ दे."

एकतीस वर्षांच्या संसारात ह्या वाक्याची मी किती वाट बघितली असेल! त्याच्यासाठी मी भांडले, रडले, शपथा घातल्या, आमच्या अख्ख्या बर्कशायर जिल्ह्यात कापूर ओढणारी बाई म्हणून नाव कमावलं. आता ते वाक्य माझ्यासमोर, इडलीच्या वाफेत उभं होतं. ह्यांचे डोळे भरले होते. आणि मी, उठून कपाट उघडून, ओळीने लावलेल्या डब्या दाखवत त्यांना म्हणाले,

"सोडलं म्हणजे काय? छत्तीस करून ठेवल्यात मी. त्या आधी संपवा!"