मयुराचं मधलं घर

मयुरा जेवली नाही, एवढंच असतं तर मी झोपले असते. पण ती रागावलेलीही नाही. रागावली की माझी मुलगी खूप बोलते. आज ताटावर झाकण ठेवून ती नुसती खोलीत गेली. तिला काय खुपतंय ते तिनं सांगितलं, तरी मला ते नीट समजलेलं नाही.

तिचं कामच मला अर्धं कळतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून ती एका लहान संस्थेत लागली. कोणत्या वस्तीतलं साधारण घर महिन्याला किती कमावतं, याचा अंदाज ती बांधते. "म्हणजे सरासरी ना?" असं मी विचारलं होतं, तर तिनं ओट्यावर डाळीचे डबे उंचीप्रमाणे ओळीनं मांडले. "ही घरं समज. यातला मधला डबा आम्हाला पाहिजे. शेवटी डब्याऐवजी ड्रम ठेवला, तरी मधला तोच."

भर उन्हात स्कार्फ बांधून ती दारोदार फिरते. लोक मिळकत कमीच सांगतात, रेशन कार्ड जाईल म्हणून घाबरतात. म्हणून ती पगार आधी विचारत नाही. सिलिंडर किती दिवस पुरतो, इथून सुरुवात करते. तिच्याशी लोक बोलतात. ते तिला लहानपणापासून जमतं.

या वेळी हुडकेश्वरची वस्ती होती. संस्थेला स्वस्त दवाखाना काढायचा आहे, दोन वस्त्यांपैकी एकीत. जिथलं मधलं घर गरीब, तिथं. निवडलेल्या गल्ल्यांत एक माझ्या नणंदेची, वच्छलाताईंची निघाली. मयुरानं आत्याला कळवलं आणि ताई तिच्याआधीच घरोघरी जाऊन आल्या. "माही भाची येऊन राहिली. लग्नाची आहे. घरदार विचारन, नीट सांगा."

आपल्याकडे मुलीकडचे स्थळ बघायला जातात तेव्हा काय विचारतात? कमावणारे किती, घर स्वतःचं की भाड्याचं, गावाकडे शेती आहे का. मयुराचे प्रश्न अगदी तेच. मग काय, घरोघरी पोहे. ज्यांच्याकडे मुलगा नाही, त्यांनीही पुतण्यासाठी, भाच्यासाठी मिळकत वाढवून सांगितली. तिला वाटलं, आत्यामुळे लोक मोकळे बोलतायत.

आज शेवटच्या घरी कवडूजी म्हणून एक म्हातारे होते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "पगार लिवून घेतला, आता पोरगाही पाहून घे ना बाई! दुर्गेश, बाहीर ये गा!"

दुर्गेश केसाला तेल लावून तयारच होता.

हे ऐकून मी पोट धरून हसले.

"आई, हसू नको. एकदोन घरांनी फुगवलं असतं तर मधलं घर हललं नसतं. इथं अख्खी ओळच सरकली. दवाखाना दुसरीकडे जाईल."

"तुझे ते संस्थेतले अश्विन सर काय म्हणतात?"

"म्हणतात, लोकांनी सांगितलं ते लिही."

"मग लिही. किंवा पुन्हा जाऊन विचार."

"सोयरिकीत सांगितलेला पगार कोणी खाली आणते का? आधी त्यांना कळलं पाहिजे की सोयरीक नाहीच. ते आत्यानंच सांगावं लागेल. माझं ती ऐकत नाही. तू सांग."

मी ओटा पुसायला उठले. तेव्हाच तिनं ताट झाकलं.

मी हो का म्हटलं नाही, ते तिला माहीत नाही. संध्याकाळी ताईंचा फोन येऊन गेला होता. "कामिनी, चार घरं विचारून राहिले वं! तुह्या पोरीनं एका फेरीत काम केलं!" मयुरा एकोणतीसची झाली. दोन वर्षांत एक स्थळ आलेलं नाही. आता मी ताईंना काय म्हणू? गल्लीत त्यांचं हसं होईल. पुन्हा त्या कधी आमच्यासाठी शब्द टाकणार नाहीत.

आणि एका आकड्यानं दवाखाना खरंच इकडचा तिकडे होतो? होत असला, तरी दुसऱ्या वस्तीतही आजारी माणसं असतीलच. ताईंची गल्ली गरीब आहे की नाही, हेही मी ठाम सांगू शकत नाही. फ्रीज आहे, दारात दोन गाड्या आहेत. पण दिवाळीत मी राहायला गेले, तेव्हा ताई रक्तदाबाची गोळी विळीवर अर्धी करत होत्या. डॉक्टरांनी कमी केली का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "अर्धीनंही भागते वं."

ते आठवल्यापासून बसवत नाही. त्या आकड्याचं मला अजून कळत नाही. दुर्गेश चांगला मुलगा असेलही. पण ताई पहाटे पाणी भरायला उठतात, तेव्हा मी त्यांना फोन करणार आहे. पुढचं सुचत नाही, पण "ताई, मयुरा स्थळ पाहायला आली नव्हती," एवढं तर म्हणेन.