दिल्ली ते कोल्हापूर, मल्लाप्पासोबत

आमची पलटण तेव्हा सरहद्दीवर होती. नाईक मल्लाप्पा माझ्या प्लाटूनचा. मी बिद्रीकडचा, तो कागलच्या पुढं कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावातला. गस्तीवर असताना त्याला गोळी लागली. जाताना दोन जवानांना वाचवून गेला, हे आधी सांगतो. बाकीचं नंतर.

त्याला घरी पोचवायचं काम सीओ साहेबांनी मला दिलं.

"सुभेदार साब, आप लेके जाएंगे."

"जी साब."

एवढंच बोलणं झालं. एस्कॉर्टचा नियम एकच, शवपेटीला एकटं सोडायचं नाही.

दिल्लीत विमानात चढण्याआधी मी त्याच्या वडिलांना, आप्पांना, फोन लावला. दिल्ली ते कोल्हापूर साधारण अडीच तास. म्हणालो, "दुपारपर्यंत पोचतो."

"बिगीबिगी या," आप्पा म्हणाले. "पोरगं दारात आल्याबिगार पाणी पिणार न्हाय म्हणून अव्वा हटून बसलीया. शुगर हाय तिला. डॉक्टर उशाला बसून हाय." अव्वा म्हणजे मल्लाप्पाची आई.

पण कोल्हापुरावर ढग इतके खाली उतरले होते, की पायलटनं विमान पुण्याला नेलं. पुढं सगळा रस्ता फौजी गाडीनं. मला पायलटचा राग आला, ढगांचा आला, दुपारपर्यंत म्हणून बसलो त्याचाही आला. ड्रायव्हरला बजावलं, "कुठं थांबायचं न्हाय!"

मोबाइलवरनं बातमी आमच्या पुढं पळत होती. साताऱ्याच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. शाळेची पोरं, बायका, दुकानं बंद करून आलेले. मी हात जोडत राहिलो, गाडी थांबवली नाही. कराडजवळ मात्र म्हाताऱ्यांची रांगच आडवी उभी. सगळे माजी सैनिक, छातीवर जुनी मेडलं. पुढचा म्हणाला, "सुभेदार, सॅल्यूट दिल्याबिगार सोडणार न्हाय. काय करायचं ते कर."

थांबावं तर तिकडं अव्वा कोरड्या घशानं बसलेली. आणि या माणसांना ढकलून जायचं कोणत्या तोंडानं? मी फोन लावला. आप्पांनी तो तिच्या कानाला धरला.

"अव्वा, मल्लाप्पासाठी गावोगावची माणसं थांबल्यात. थांबू, का तसाच येऊ?"

तिनं आधी एकच विचारलं.

"किती माणसं हायती?"

"नजर पोचंल तिथवर."

"मग मी कोण आडवणारी? थांब की सगळीकडं. सावकाश आण."

"तुम्ही पाणी घेतल्याशिवाय गाडी हलायची नाही. ऑर्डर समजा."

"लई शाणा हाईस," ती म्हणाली. तांब्याचा आवाज आला. मग आप्पा ओरडले, "प्याली! प्याली बघा!" माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, आणि ते मी पुसलं नाही.

मग प्रत्येक फाट्यावर थांबलो. पंचगंगेच्या पुलावर तर गाडी माणसाच्या चालीनं चालली. काय ती गर्दी! माझा ऊर नुसता भरून येत होता.

गावात पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. त्यांच्या समाजात दहन नसतं, पुरतात. आप्पांच्या शेतात समाधी खणून तयार होती. जवानांनी फैरी झाडल्या. मी घडी केलेला तिरंगा अव्वाच्या हातात दिला आणि म्हणालो, "लई उशीर झाला, अव्वा."

तिनं तिरंगा छातीशी धरला. बांधाच्या पार पलीकडं उभ्या असलेल्या माणसांकडं एकदा पाहिलं.

"धाडला तवा माझ्या एकटीचा हुता," ती म्हणाली. "तू आणलास त्यो समद्यांचा हाय."