नथ्थूची तब्येत

वत्सलाबाईच्या नवऱ्याची, सुकलाल पाटलाची तब्येत मरेपर्यंत उत्तम होती. हे गावाचं मत. न्याहारीलाच ज्वारीच्या चार भाकरी लागत, आणि तो खाटेवर बसला की खाट बोलत असे. एके दुपारी केळीत पाणी वळवताना तो छातीवर हात ठेवून बांधावर बसला तो उठलाच नाही. एवढा धडधाकट माणूस जातो म्हणजे नजरच लागली असणार, असं सर्वांनुमते ठरलं. त्याच्या पोटाच्या घेराचा विषय कुणी काढला नाही.

प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडच्या त्या तापीकाठच्या गावात पन्नास-पंचावन्न साली तब्येत म्हणजे वजन, एवढा साधा हिशेब होता. त्या हिशेबात सुकलालचा एकुलता एक मुलगा नथ्थू कुठे बसतच नव्हता. हातपाय काडीसारखे, गालफडं बसलेली. दिवसभर औत हाकायचा, उसाच्या मोळ्या वाहायचा, तापीला पाणी असताना पोहून पैलतीरी जायचा. पण हे कोण धरतं? धरतात त्या बरगड्या.

इंदरमल मारवाड्याच्या दुकानाच्या ओट्यावर नथ्थूला काय झालं असावं, याची चर्चा बसायची. कुणी क्षय म्हणे, कुणी जंत. इंदरमल तूप विकायचा, त्यामुळे त्याचं मत वेगळं विचारायला नको. शहाद्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पोरगा ठणठणीत आहे असं सांगितलं, तेव्हा डॉक्टर नवीन आहेत, असा ओट्याने निष्कर्ष काढला.

इथवर ठीक होतं. पण पाणवठ्यावरच्या बाया एक पाऊल पुढे गेल्या. विधवा बाई, हात आखडता घेत असेल, पोराच्या ताटात काय वाढते देव जाणे, असं बोलणं वत्सलाबाईच्या कानावर आलं आणि तिचं काळीज चिरलं. तिने वरणावर तुपाची धार धरली, डिंकाचे लाडू वळले. नथ्थू एक लाडू खायचा आणि बाकीचे आईची पाठ वळताच बैलाला घालायचा. वर्षभरात बैलाची तब्येत सुधारली. वत्सलाबाई मात्र पोर जेवायला बसलं की त्याच्या बरगड्यांकडे बघत बसायची, आणि गाव म्हणतं ते खरं तर नसेल, या भीतीने तिलाच घास जात नसे.

मग चैत्रातली गावदेवीची यात्रा आली. यात्रेत बारागाड्या ओढायच्या असतात. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत माणसं खच्चून भरायची आणि अंगाला हळद फासलेल्या भगताने कमरेला दोर बांधून त्या सगळ्या एकट्याने ओढायच्या. भगताच्या अंगात देवी येते, ओढते तीच. हा मान सुकलालच्या घराण्याचा. आता तो नथ्थूचा झाला होता, पण पंचांनी नाही म्हटलं. देवीलाही उभं राहायला काही जागा हवी, असं त्यांचं म्हणणं. मान चुलतभाऊ शांतीलालला गेला. शांतीलाल म्हणजे दुसरा सुकलाल, धोतराचा काष्टा घालायलाही त्याला दुसऱ्याची मदत लागे. वत्सलाबाईने दार लावून घेतलं आणि पोटभर रडली. पंचांनी पोराचा मान काढला खरा, पण बट्टा लागला होता तिच्या स्वयंपाकाला.

भगताला यात्रेआधी कडक उपास असतो. दुसऱ्याच दिवशी शांतीलालला घेरी आली. त्याला शिरा खाऊ घालून उठवावं लागलं आणि उपास मोडला. उपास न मोडता उभा राहील असा घराण्यात एकच माणूस उरला. तो निम्मा उपाशीच असतो, असं म्हणत पंचांनी नाइलाजाने नथ्थूच्या कमरेला दोर बांधला. शांतीलाल काळजीपोटी पहिल्याच गाडीत जाऊन बसला.

ढोल वाजले. नथ्थू पुढे झुकला, मानेच्या शिरा तटतटल्या. गाड्या आधी करकरल्या, मग हलल्या, आणि देवळापर्यंत थांबल्याच नाहीत. गर्दीत उभ्या असलेल्या वत्सलाबाईला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. तेवढ्यात मागून इंदरमलचा शेजारी म्हणाला, "देवीनी करनी! नई तं ह्या काडीमा काय जीव शे?" सारं गाव तेच म्हणत होतं. सुकलालच्या वेळी थोडी तरी शंका होती, आता देवी जागृत असल्याचा पुरावाच मिळाला. पोर जेवढं रोडकं, तेवढी देवी मोठी. वत्सलाबाईनेही हात जोडले. तिलाही तेच खरं वाटलं.

दिवेलागणीला ती नथ्थूच्या अंगाची हळद धुवायला बसली. पाणी ओतलं तशी हळद उतरली आणि कमरेवर दोराचे वळ दिसले, लालभडक, एकावर एक, कुठे कुठे कातडी सोललेली. तिचा हात तिथेच थांबला.

"देवीले कधी वळ पडतस का?" ती म्हणाली. "गाड्या तूच ओढ्यात."

नथ्थू खाली मान घालून हसला. कुणाला सांगू नको म्हणाला. लोक एवढे खूश आहेत, कशाला त्यांचा हिरमोड करायचा. वत्सलाबाईला चावडीवर जाऊन ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण सांगितलं असतं तर देवी आली नाही असं म्हटल्यासारखं झालं असतं, आणि ते कोण ऐकून घेणार? पोराची तब्येत चांगली आहे हे ज्याला पटेल असा गावात एकही माणूस उरला नव्हता. आपणही इतकी वर्षं त्याच्या बरगड्याच मोजल्या, याची तिला फार लाज वाटली. तिने वळांवर खोबरेल लावलं आणि त्याला पालथं झोपवलं.

दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे ती नारळ घेऊन देवळात गेली. बाकीच्या बाया देवीचे उपकार मानून निघून जाईपर्यंत ती खांबाशी थांबली. मग पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "माय, गाड्या मन्हा नथ्थूनी ओढ्यात. तुले तं माहीतच शे."