टोपीवाल्यांच्या घरातल्या शांताबाई

शांताबाईंना काहीही विचारलं तरी उत्तर लगेच यायचं नाही. "दूध संपलंय का?" एवढं साधं विचारलं, तरी त्या डोळे मिटायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि आत कुठेतरी जाऊन खात्री करून आल्यासारख्या म्हणायच्या, "संपलंय." माझा रूममेट केदार पुण्याचा, त्याला हा उशीर सोसायचा नाही. "यार, बाई परत हँग झाल्या," तो माझ्या कानात पुटपुटायचा, "रीस्टार्ट करू का?"

बाई अमेरिकन, पिढ्यान्‌पिढ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलजवळ त्यांचं घर होतं आणि वरच्या मजल्यावर आम्ही दोघे विद्यार्थी भाड्याने राहायचो. क्वेकर लोकांत पदव्या आणि मानपान नाहीत, गव्हर्नर असला तरी त्याला नुसत्या नावाने हाक मारायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "मिसेस वगैरे नको. नुसतं नाव." पण आईहून मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मग त्यांच्या त्या शांतपणावरून मीच नाव ठेवलं, शांताबाई. अर्थ सांगितल्यावर त्यांना ते इतकं आवडलं की आमच्या मित्रांचा फोन आला तर त्या स्वतःच "शँटाबाय बोलतेय" म्हणू लागल्या.

त्यांच्या डायनिंग रूमची एक भिंत वंशावळीने भरलेली होती. सगळ्यात वर इंग्लंडहून जहाजाने आलेला पहिला पूर्वज. हा विणकर होता. न्यायाधीशासमोर डोक्यावरची टोपी काढायला त्याने नकार दिला, कारण देवापुढे सगळी माणसं सारखी, मग माणसापुढे टोपी कशाला काढायची? त्यापायी तो तुरुंगात गेला आणि सुटल्यावर अमेरिकेला आला. शांताबाई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

मला ही गोष्ट फार आवडायची आणि त्याला कारण होतं. माझे पणजोबा गावच्या पाटलापुढे कमरेत वाकून जोहार घालत. आजोबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून मान ताठ केली. आमच्या घरची वंशावळ तिथूनच सुरू होते, त्यामागचं आम्ही मुद्दाम सोडून दिलंय. शांताबाईंनी विचारल्यावर मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आजोबांचं आणि आमच्या टोपीवाल्याचं जमलं असतं."  तेव्हापासून तो टोपीवाला मी निम्मा आमचाच मानत होतो.

भिंतीवरचा दुसरा लाडका माणूस म्हणजे टोपीवाल्याचा नातू जोसेफ. तो पंथाबाहेरच्या मुलीच्या प्रेमात पडला म्हणून क्वेकर सभेने त्याला काढून टाकलं, अशी घरातली समजूत. परत यायचं असेल तर भर सभेत उभं राहून "माझं चुकलं" म्हणायची त्यांच्यात रीत होती. जोसेफ कधी गेला नाही. पुढे त्याची मुलगी पंथात परत आली, पण जोसेफचा ताठा सगळ्यांना प्यारा. दर उन्हाळ्यात नातेवाईक जमले की त्याच्या प्रेमासाठी लेमोनेडचे ग्लास उंचावले जायचे.

त्या प्रेमकहाणीचा पुरावा शांताबाईंना हवा होता. मोतीबिंदूमुळे त्या ड्राइव्ह करत नसत, म्हणून शनिवारी मी त्यांना लायब्ररीत न्यायचो. जुन्या सभांच्या नोंदी तिथे मायक्रोफिल्मवर होत्या. एका शनिवारी त्यांना हवं असलेलं रीळ आधीच कुणीतरी मशीनवर लावलं होतं. लोरीन तिचं नाव, कृष्णवर्णीय, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिच्या डोक्यावर जांभळी, पीस लावलेली हॅट होती.

"तुमचं होऊ दे," शांताबाई म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

"माझं कसलं होतंय," लोरीन हसून म्हणाली. "आमची वंशावळ फीबी नावाच्या बाईपाशी थांबते. आडनाव नाही, गाव नाही. आजी एवढंच सांगायची, की फीबी त्या लोकांची गुलाम होती, ज्यांच्या आजोबाने टोपी काढली नव्हती."

शांताबाईंनी डोळे मिटले. मला कळलं, ही टोपी कुणाची. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ते आमचे लोक." मग दोघींनी मिळून ते रीळ पुढे सरकवलं. जोसेफला सभेने काढलं होतं हे खरं, पण प्रेमापायी नाही. सभेने सगळ्यांना गुलाम मुक्त करायला सांगितलं होतं आणि त्याने फीबीला सोडायला नकार दिला होता.

 घरी येताना गाडीत मला त्या जोसेफचा संताप आला होता. माझा त्याच्याशी काय संबंध, पण त्याच्या आजोबाची टोपी मी आपली मानून बसलो होतो ना. शांताबाईंचं दुःख निराळं होतं. सभेच्या रविवारच्या वर्गात त्यांनी मुलांच्या किती पिढ्यांना अभिमानाने सांगितलं होतं, की आमच्या घरात कधी कुणी माणूस विकत घेतला नाही. आता ते शब्द परत घ्यायचे तर त्याच लोकांसमोर घ्यायला हवे होते. त्यांच्या भावाने फोनवर सांगितलं, "दोनशे वर्षं झाली. उगाच उकरू नकोस."

"तू काय केलं असतंस?" त्यांनी मला विचारलं.

"आम्ही मागचं सोडून दिलं," मी म्हणालो.

यावेळची शांतता फार लांबली. "तुम्हाला सोडायचा हक्क होता," त्या म्हणाल्या. "मला नाही."

पुढच्या रविवारी मी त्यांना मीटिंगला, म्हणजे त्यांच्या क्वेकर सभेला, घेऊन गेलो. तिथे पुजारी नाही, गाणं नाही. तासभर सगळे गप्प बसतात, आणि कुणाला आतून वाटलंच तर तो उभा राहून दोन शब्द बोलतो. त्यांनी बोलावल्यावरून लोरीन आली होती. साध्या करड्या कपड्यांतल्या त्या मंडळींत तिची जांभळी हॅट दारातूनच दिसत होती. ती शांताबाईंच्या शेजारी बसली. केदारही आला होता आणि चक्क जागा होता.

शांताबाई समोरचा बाक धरून उठल्या.  "जोसेफने फीबीला सोडलं नाही," त्या म्हणाल्या. "या सभेने त्याला इथे उभं राहून चूक कबूल करायला सांगितलं होतं. तो आला नाही. त्याच्या घरातलं कुणीतरी यायला हवं होतं. आमचं चुकलं. आणि मी तुमच्या मुलांना खोटं शिकवलं, तेही चुकलं."

त्या बसल्या. अशा बोलण्याला कुणी उत्तर देत नाही, तशी पद्धतच आहे. तास संपल्यावर शेजारच्याशी हात मिळवायचा आणि उठायचं. शांताबाईंनी हात पुढे केला. लोरीनचे हात पर्सवरच होते. ती त्या हाताकडे नुसती पाहत राहिली. शेवटी तिने तो हात घेतला आणि सोडला नाही.

"फीबीच्या मुलांचं काय झालं ते शोधायचंय," ती म्हणाली. "शनिवारी मोकळ्या आहात?"

शांताबाईंनी डोळे मिटले नाहीत. "आहे," त्या लगेच म्हणाल्या.

त्यानंतरचे सगळे शनिवार दोघींचे. लोरीनच गाडी घेऊन यायची आणि माझी ड्रायव्हरची नोकरी गेली. भिंतीवर जोसेफच्या बाजूला फीबीसाठी नवा कागद चिकटवला गेला, त्याला आणखी कागद जोडत गेले, आणि मी नोकरीसाठी ॲरिझोनात चँडलरला निघालो तेव्हा ती वंशावळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली होती. निरोप घेताना मी विचारलं, "माझी आठवण काढाल ना?" त्यावर मात्र त्या नेहमीसारख्या आत जाऊन आल्या. "काढेन," म्हणाल्या. बाईंनी खात्री केली आहे, हे मला पुरेसं होतं.

त्या गेल्याचं लोरीनने फोनवर कळवलं. मला जाता आलं नाही, ते अजून सलतं. त्यांना निरोप देण्याची सभा कशी झाली, मी विचारलं. शांततेतच झाली, ती म्हणाली. घरच्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं होतं, शांताबाईंच्या भावाशेजारी.

"मी जांभळी हॅट घालून गेले होते," लोरीन म्हणाली. "काढली नाही."