छबीचं पित्त आणि माझे सोमवार

देव आमच्या छबीवर फक्त उपासाच्या दिवशी कोपायचा. एरवी त्याची काही तक्रार नसे.

नायलॉनच्या साड्या नव्यानंच अंगावर मिरवायचे ते दिवस. मी सांगलीची, विश्रामबागेत वाढलेली, बायॉलॉजी घेऊन पास झालेली. लग्न करून आले ती थेट कऱ्हाडाशेजारच्या मलकापुरात, उसाच्या रानात! नवरा पलटणीत, कायम सरहद्दीवर. घरात सासूबाई, म्हणजे आत्याबाई. सासरे, म्हणजे मामंजी, रिटायर हवालदार. आणि माझी तीन वर्षांची छबी. बायॉलॉजीचा मला भारी तोरा होता. बेडकाचं पोट फाडलेली सून अख्ख्या गावात मी एकटीच!

छबी रोज दूध-भाकरी खायची. कालवण-चटणी दिसली की ओठ घट्ट मिटून बसायची. पण एकादशीला आमच्याकडं चुलीवर भाकरीचा तवाच चढत नसे. मग तीही आमच्याबरोबर उपास करायची. म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी, मधे रडली तर शेंगदाणा-गुळाचा लाडू. खिचडीत साबुदाणा नावाला, बाकी कूटच. (घरच्या रानातल्या शेंगा, हात आखडता कशाला घ्यायचा?)

अशाच एका एकादशीला खिचडी खाता खाता छबी म्हणाली, "आई, तोंडात मुंग्या चावत्यात!"

मी तिचं तोंड उजेडाकडं धरून बघितलं. मुंगी काही दिसेना. पण बायॉलॉजीवाली मी, पुराव्याशिवाय गप्प कशी बसणार? साखरेचा डबा अंगणात उपडा केला, चाळला, उन्हात पसरला. एवढ्यात इकडं पोरीच्या पोटावर, पाठीवर लालभडक गांधी उठल्या.

"आगं, पित्त उठलंय पोरीचं! आमसूल भिजत घाल!" आत्याबाई ओरडल्या.

"आमसूल नको, घोंगडं आणा!" मामंजींनी हुकूम सोडला.

आमसुलाच्या पाण्यानं चिकट झालेली पोर घोंगड्यात लोळवली. तिनं गल्ली डोक्यावर घेतली. संध्याकाळी गांधी बसल्या. आमसुलानं बसल्या असं आत्याबाईंचं मत, घोंगड्यानं बसल्या असं मामंजींचं. मी म्हटलं, साखर चाळली म्हणून!

पुढच्या एकादशीला पुन्हा तेच. पुन्हा मुंग्या, पुन्हा गांधी, शिवाय खालचा ओठ भज्यासारखा फुगलेला.

मी सगळा दोष नव्या नायलॉनच्या फ्रॉकला दिला. "घाम जिरत नाही त्यात," असं सांगून घामावर एक व्याख्यानही झोडलं. आत्याबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आगं शाने, फ्राक तर ती रोज घालतीया. ह्ये एकादशीलाच कसं हुतंय? घरात कुनीतरी उपास मोडतंय!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. छबीनंसुद्धा!

(मी सकाळी चुलीमागं बसून चहात बेकरीतलं एक बटर बुडवून खाल्लं होतं. पण ते त्यांना कळायचं कारणच नव्हतं!)

त्या बटरानं माझा घात केला. रात्रभर मन खात राहिलं, आणि सकाळी बायॉलॉजी गुंडाळून ठेवून मी देवापुढं हात जोडले. "महादेवा, पोरगी बरी होऊ दे, जन्मभर सोमवार करीन!" आत्याबाईंनी गुरुवार धरला. मामंजींनी मारुतीचा शनिवार धरला. एका घरात एवढी भक्ती म्हटल्यावर सारखा कुणाचा ना कुणाचा उपास, सारखी खिचडी, सारखे लाडू, आणि छबीचा त्यात वाटा! आणि छबीला आता पंधरवड्यातनं एकदा नव्हे, आठवड्यातनं तीनदा गांधी उठायला लागल्या.

"देव परीक्षा घेतोय," आत्याबाई म्हणायच्या. "आपन न्हाई हरायचं. रडू नगं माझ्या बाय, ह्यो घे, लाडू खा!"

आणि मग तो सोमवार आला. खिचडीचे चार घास पोटात गेले न गेले तोच छबी भडाभडा ओकली. तोंड सुजलं. मामंजी तिच्या अंगावर गेरू चोळत होते (घोंगडं धुवायला टाकलं होतं), तेवढ्यात तिच्या छातीतनं शिट्टीसारखा आवाज यायला लागला. श्वास घेताना पोर खांदे उचलत होती. आवाज बसला होता. आत्याबाई मटकन खाली बसल्या. "माझी पोर वाचंल न्हवं, आवं?" एवढंच त्या म्हणत होत्या.

मामंजींनी सायकल काढली. "सूनबाई, बस मागं!"

ज्या सासऱ्यांपुढं मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, त्यांच्याच कॅरिअरवर मी पोरीला पोटाशी धरून बसले. पदर मागं झेंड्यासारखा फडफडत होता. अख्खं कऱ्हाड बघत होतं. बघू दे म्हटलं!

डॉक्टर छबीला बघून उडालेच. "अहो, पडली कुठं ही? एवढं रक्त!"

"रक्त नाही साहेब, गेरू!" मामंजी सावधान उभे राहून म्हणाले.

डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं. मी तिच्या छातीवरनं नजर हलवली नाही. हळूहळू शिट्टी कमी झाली, खांदे खाली आले, आणि छबी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, भाकरी." मला रडूच फुटलं. मामंजी भिंतीकडं तोंड करून नाक पुसत होते.

"सकाळपासनं काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही हो, आज उपास आहे."

"तीन वर्षांच्या पोरीला उपाशी ठेवलंत?"

"छे, छे! उपाशी कशी ठेवीन? लाडू खाल्ला. मग खिचडी खाल्ली."

"दाण्याचा लाडू? दाण्याची खिचडी?"

"उपासाला दाणे चालतात की!"

"देवाला चालतात हो, पोरीला चालत नाहीत! याआधी कधी झालं होतं?"

"एकादशीला," मी म्हटलं. "सोमवारी. गुरुवारी. शनिवारी..." बोलता बोलता माझा आवाज आपोआप खाली गेला.

"तुमचं शिक्षण?"

मी पुटपुटले. डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. मामंजींनी अभिमानानं मोठ्यांदा सांगितलं, "बेडूक फाडलाय तिनं!"

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. याला अ‍ॅलर्जी म्हणतात. मुंग्या चावतात असं पोर म्हणत होती ते खरंच होतं. तोंडातली खाज एवढ्याशा पोरीनं दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगायची? खाल्ल्याबरोबर खाज, गांधी, ओठाला सूज, उलटी, दम, सगळ्या याच्याच खुणा. आता दाणे नकोत, कूट नको, घाण्याचं शेंगतेलसुद्धा नको. "आणि ओठ सुजले, दम लागला, की घोंगडं शोधत बसू नका. सरळ इकडं या."

घरी आल्यावर आत्याबाई आधी भडकल्या. "आमच्या रानातल्या शेंगा हायत, इख न्हवं!" मग छबीला मांडीवर घेऊन बराच वेळ तिच्या ओठावरनं बोट फिरवत बसल्या. पुढच्या एकादशीला त्यांनी स्वतः तवा चढवला आणि देवघराकडं बघून म्हणाल्या, "लेकराची भाकरी हाय. तुला चालंल, न्हाई चालली तर मला सांग!" देव काही बोलला नाही. छबीची ताटली-वाटीही त्यांनीच वेगळी काढली, आणि कूट लागलेला हात कुणी त्या वाटीला लावला की त्याची खैर नसे.

छबी आज ठणठणीत आहे, स्वतः आई झाली आहे. दाण्यांपासनं चार हात लांब राहते आणि आपल्या मुलांना माझी गोष्ट हसून हसून सांगते.

देवानं त्याचं काम चोख केलं, तेव्हा मलाही माझं करणं भाग होतं. जन्मभराचे सोमवार बोलून बसले होते ना! अजून पाळते, एकही मोडलेला नाही. परवा गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरकडं गेले. त्यांनी वजनाच्या काट्यावर उभं केलं, काटा बघितला, मग मला बघितलं. "आजी, आज सकाळपासनं काय काय खाल्लंत?"

मी म्हटलं, "काही नाही हो डॉक्टर, आज माझा सोमवार!"